जहाजावर अवघड झालंय

हुबळीत कोप्पीकर रोडला लागून असलेल्या एका बोळात झेंड्यांचं दुकान आहे. तिथं कुठला महिना चाललाय हे कॅलेंडरवर बघावं लागत नाही. मशीनखाली कुठल्या रंगाचं कापड आहे ते बघितलं की पुरतं. नोव्हेंबर जवळ आला की कर्नाटकाचं लाल-पिवळं, जानेवारीत आणि ऑगस्टात तिरंगी, निवडणुका लागल्या की सगळेच रंग एका ढिगात. तानूबाई अठरा वर्षं तिथं शिवते. झेंड्याच्या डाव्या अंगाला काठी घालायला जो नेफा असतो, तो तिच्यासारखा कुणाला जमत नाही, असं दुकानाचा मालक श्रीहर्ष गिऱ्हाइकांना सांगतो. "तानक्कानं शिवलेला झेंडा वाऱ्यानं फाटेल, पण काठीवरून निघणार नाही." श्रीहर्षची भाषा कानडी. तानूबाईची मराठी, पण तीस वर्षं हुबळीत काढल्यावर कुठली भाषा कुठं संपते हे तिला आता शोधून सांगता येणार नाही.

त्या उन्हाळ्यात दूरच्या समुद्रात मोठ्या देशांची लढाई पेटली. तेलाची वाट अडली, गॅसची टाकी वेळेवर येईना, आणि दुकानात एक नवीनच मागणी यायला लागली. जाळायचे झेंडे. आज ह्या देशाचा, उद्या त्या देशाचा. कुणी आपल्याविरुद्ध काय बोललं असेल त्याप्रमाणे. श्रीहर्ष फोनवर चित्र दाखवायचा आणि हसायचा.

"ह्याला नेफा नको, तानक्का. कडा पण दुमडू नको. दहा मिनिटांचं आयुष्य त्याचं."

पहिल्या झेंड्याच्या वेळी तीही हसली होती. नंतर हसली नाही, कारण तिचा सुरज त्याच समुद्रात होता.

सुरज तिचा एकुलता एक. हॉटेलचा कोर्स करून एजंटाच्या ओळखीनं तेलाच्या जहाजावर स्वयंपाकघरात लागला, त्याला दोन वर्षं झाली होती. तिथून पहिल्यांदा फोन केला तेव्हा तिनं आधी काय विचारावं? "तुमच्या जहाजाला झेंडा कुठला रे?" सुरजनं एका देशाचं नाव सांगितलं, जे तिनं अठरा वर्षांत कधी शिवलं नव्हतं.

"मालक तिथला?"

"न्हाई गं. मालक तिसरीकडचा. तेल चौथीकडचं. आम्ही तेवढी आपल्याकडची माणसं."

"मग आपला झेंडा कुठं लावलाय?"

"आपला पासपोर्टावर हाय," सुरज म्हणाला. "तीन सिंह हायेत की. बास झालं."

त्यावर मायलेक किती हसले होते.

मग वैशाखातल्या एका सकाळी धारवाडहून फोन आला. बोलणारी वेदश्री नावाची मुलगी होती, वकिलाच्या घरातली, स्वतःही वकील. तिचा भाऊ वरद त्याच जहाजावर अधिकारी होता. "मावशी, बसून घ्या आधी," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं, की जहाज अडवलं आहे. हत्यारं घेतलेली माणसं वर चढली आहेत. एकवीसजण आत आहेत, सगळे जिवंत. फोन काढून घेतलेत. मधूनच कधीतरी देतात, समोर उभं राहून ऐकतात.

"आणि मावशी, हे कुणालाही सांगायचं नाही. कंपनीनं तसं बजावलंय. त्यांची माणसं सगळं बघतात. कुणाच्या गावात काय बोललं जातंय, कोण कुणाचा मुलगा, सगळं. गप्प राहिलो तर ही मुलं फक्त एकवीस माणसं आहेत. बोललो की ती कुणाची तरी माणसं होतात."

तानूबाईला शेवटचं वाक्य तेव्हा नीट कळलं नाही, पण भीती मात्र नेमकी कळली. त्या दिवसापासून घरात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, भीमरावनं, त्या देशाचं नावच घेतलं नाही. बोलायची वेळ आलीच तर "ते" म्हणायचं. बातम्या लागल्या की टीव्हीचा आवाज बंद. कमरीपेठेत त्यांची भाड्याची खोली होती, भिंतीला भिंत लागून. शेजारची भारती भिंतीपलीकडं भांडी घासताना काय गुणगुणते तेही इकडं ऐकू येई. आपलं कुजबुजणंही तिकडं जात असेल, असं तानूबाईला वाटायचं.

असे बावीस दिवस गेले.

तेविसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, ती कुठल्याशा सभेच्या तिरंगी तोरणाच्या पट्ट्या जोडत बसली असताना फोन थरथरला. सुरजच्या आवाजातला निरोप होता. तिनं मशीन थांबवली आणि फोन कानाला लावला.

"आई, जहाजावर जरा अवघड झालंय. आता बोलाय येणार न्हाई. अप्पाला सांग, मी बरा हाय. तू कुणाला काही बोलू नको."

एवढंच. मागं कुणीतरी खाकरलं आणि आवाज तुटला.

तिनं तो निरोप तीन वेळा ऐकला. चौथ्यांदा ऐकताना तिच्या हातातली कात्री खाली पडली. श्रीहर्षनं गल्ल्यावरून मान वर केली.

"एनातु, तानक्का?" काय झालं?

बावीस दिवस तिनं जीभ दातांखाली धरली होती. आताही ती काही सांगणार नव्हतीच. पण तेवढ्यात मनातलं वाक्य निम्मं मराठीत, निम्मं कानडीत तोंडातून निसटलं.

"हडगिन्याग अवघड आगेदंत," ती म्हणाली. जहाजावर अवघड झालंय म्हणे.

मग लगेच भानावर आली. "काही न्हाई, अण्णा. पोरगा काहीबाही बोलतो." कात्री उचलली, मशीन सुरू केली. श्रीहर्ष बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला आणि मग फोन घेऊन बाहेर गेला. उगीच बोललो, असं तिला वाटलं. पण काय मोठं बोललो, तेही कळेना.

एकाच्या सुमारास ती जेवायला घरी निघाली. कमरीपेठेच्या तोंडाशीच तिला काहीतरी वेगळं जाणवलं. ताडपत्री विकणाऱ्यानं नेहमीसारखी हाक मारली नाही. उठून उभा राहिला. शेवग्याच्या शेंगा निवडणाऱ्या दोघी बोलता बोलता थांबल्या. कुणी काही विचारत नव्हतं, सगळे नुसते वाट देत होते. अशी वाट माणूस कुणाला देतो, हे ती ओळखून होती.

दारात भारती उभी होती. तानूबाईला बघताच तिनं धावत येऊन मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला लागली.

"तानक्का, आवर गं बाई स्वतःला, आवर."

"काय झालं?"

"तू आधी बस."

"भारती, काय झालं ते सांग."

"जहाजावर घात झाला म्हणे. तुला कळलं न्हाई? आपला सुरज..." आणि तिनं पदर तोंडात धरला.

तानूबाईला नंतर त्या काही क्षणांतलं फारसं आठवलं नाही. एवढंच आठवलं, की समोरच्या घराच्या पायरीवर कुणीतरी पापड वाळत घातले होते आणि ती ते मोजत होती. अकरापर्यंत मोजून झाले होते. त्याच्यापुढं मोजलं तर भारतीचं वाक्य पूर्ण होईल, असं तिला वाटत होतं. सकाळी सुरजचा आवाज ऐकला तो किती वाजता? त्यानंतर किती तास गेले? तो मागं खाकरणारा माणूस कोण होता?

"कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही.

"साकेतअण्णाच्या ग्रुपवर आलंय. सगळ्या पेठेत आलंय. बघ की."

भारतीनं फोन पुढं धरला. त्यावर सुरजचा फोटो होता, पासपोर्टासाठी काढलेला, मोठा केलेला. खाली दिवा, तिरंगा आणि कानडी अक्षरं. ती अक्षरं तानूबाईला वाचता येत नव्हती. फोटोभोवती हार होता.

साकेत म्हणजे पेठेतल्या तरुणांच्या मंडळाचा पुढारी. तिशीचा, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. भीमरावचं ऑपरेशन झालं तेव्हा रक्त द्यायला तोच पहिला धावला होता. तानूबाई तशीच मारुतीच्या कट्ट्याकडं गेली, तिथं तो फ्लेक्स बांधून घेत होता. तिला बघून तो वाकला आणि तिच्या पायाला हात लावला.

"अक्का, आम्ही आहोत. एकटं समजू नका."

"साकेत, तुला कुणी सांगितलं?"

"श्रीहर्षनं. झेंड्याची ऑर्डर द्यायला फोन केला होता, तेव्हा म्हणाला."

तिनं तिथंच उभं राहून श्रीहर्षला फोन लावला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. तोही रडला असावा. "मला कोण सांगणार, तानक्का? नीव हेळिद्रल्ला!" तुम्हीच सांगितलंत ना? "हडगिन्याग अवघड आगेदंत, असं तुम्हीच म्हणालात की."

तानूबाईनं फोन खाली घेतला.

अवघड. तीस वर्षं ती कानडी टीव्ही ऐकत होती. आग लागली की अवघड, बस उलटली की अवघड, माणसं मेली की अवघड. मराठीतलं 'कठीण' तिनं कानडी वाक्यात ठेवलं होतं आणि ते ऐकणाऱ्यानं कानडीतला अपघात उचलला होता. दुपारपर्यंत अपघाताचा हल्ला झाला, हल्ल्याचं मरण. आणि तेच मरण चार गल्ल्या फिरून तिच्याच दारात येऊन तिच्याच गळ्यात पडलं होतं.

ती मटकन कट्ट्यावर बसली आणि हसायला लागली. बायका घाबरल्या. भारतीनं तांब्या आणला.

"मेला न्हाई गं," ती म्हणाली. "मी मराठीत बोललो. अवघड म्हणजे आपलं अवघड. सोपं नसलेलं."

साकेतला समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. समजलं तेव्हा तो एवढा आनंदला, की त्यानं मुलांना हाका मारल्या. "जिवंत आहे! सुरज जिवंत आहे!" कुणीतरी घोषणा दिली, कुणीतरी फटाका आणायला पळालं.

"आता हे उतरव," तिनं फ्लेक्सकडं बोट दाखवलं.

"हार काढायला सांगतो. दुसरा फ्लेक्स छापून येईल चारपर्यंत. 'हुतात्मा'च्या ऐवजी 'वीरपुत्र'. अक्का, पाच वाजता सर्कलला मोर्चा आहेच. आता तर जास्तच जोरात. सुटका करा म्हणून. त्यांचा झेंडा जाळणार आपण, सुरजचा फोटो पुढं धरून. दोन चॅनेलवाले येतायत."

"नको रे, बाबा." तिनं त्याचा हात धरला. "ते बघतात. कुणाच्या गावात काय चाललंय ते सगळं बघतात. सुरजनंच सांगितलंय, कुणाला बोलू नको म्हणून."

साकेत तिच्या शेजारी बसला. त्याच्या डोळ्यांत खोटं काही नव्हतं, म्हणूनच तिला त्याची जास्त भीती वाटली.

"अक्का, मोठ्या देशाचा एक माणूस अडकला तर ते विमानं पाठवतात. आपले कितीही अडकले तरी कोण विचारतं? आपण गप्प बसतो म्हणून. दोन मोठ्यांच्या भांडणात आपल्या पोरांनी भांडी घासायची, आणि मरायची वेळ आली की आपणच तोंड दाबून बसायचं? आपण एकदा तरी ओरडायला नको?"

त्याचं म्हणणं चूक आहे असं तिला म्हणवेना.

"तुम्ही ओरडणार इथं," ती अखेर म्हणाली. "आणि ऐकणार तो तिथं. त्याच्या शेजारी बंदूक घेऊन उभा असलेलाही ऐकणार."

"काही होत नाही, अक्का. घाबरू नका. देश आहे पाठीशी."

फोटो कुणी दिला, हे विचारायची तिला गरज पडली नाही. मारुतीच्या देवळाच्या ओवरीत खुर्चीवर भीमराव बसला होता. गोदामाचा पहारेकरी म्हणून सव्वीस वर्षं लोकांसाठी फाटक उघडलेला माणूस. आज त्याच्या डोक्याला कुणीतरी फेटा बांधला होता, खांद्यावर शाल होती. आधी पोराच्या मरणाची बातमी ऐकली, मग शाल आली, मग पोरगा जिवंत आहे असं कळलं. एवढं सगळं पेलताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. शालीची दोन्ही टोकं त्यानं घट्ट धरली होती.

"तानू, जिवंत हाय गं," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक हाय. उठा. घरी चला."

तो उठला नाही. "एवढी माणसं आपल्या दारात कधी आलती का? मागू देत की सुटका. मी त्यांना आज्ज्याचंही सांगितलं. फाळीवरचं."

अळणावरजवळ त्यांचं गाव. तिथं चावडीच्या भिंतीत एक दगडी फाळी आहे, इंग्रजीत कोरलेली. गावातून नऊ माणसं जर्मनच्या लढाईला गेली, दोन परत आली नाहीत. त्या दोनांतला एक भीमरावचा आज्जा. पगार मिळतो म्हणून गेला, बसऱ्याच्या वाळूत राहिला. फाळी इंग्रजांनी लावली. आता दर पंधरा ऑगस्टला तिला हार घालतात आणि सरपंच देशासाठी दिलेल्या बलिदानावर बोलतात. लहान सुरजनं एकदा विचारलं होतं, "अप्पा, तवा देश कुणाचा होता?" सगळे हसले होते.

"चार पिढ्यांची देशसेवा, असं लिहिणार हायेत," भीमराव म्हणाला.

"तुमच्या आज्ज्याची बायको काय करत होती, ते लिहिणार हायेत का?" तानूबाई म्हणाली. "सासूबाई सांगायच्या. सात वर्षं तिनं कुंकू पुसलं न्हाई. कुणी येऊन सांगतच नव्हतं. मग एकदम दगड आला."

भीमरावनं मान खाली घातली. पण शाल काढली नाही.

घरी येऊन तिनं वेदश्रीला फोन लावला. सगळं सांगितलं, स्वतःची चूकही.

"मावशी, थांबवा ते. कसंही करून थांबवा." वेदश्रीचा वकिली आवाज कुठल्या कुठं गेला होता. "परवा किनाऱ्याकडच्या एका गावात असाच मोर्चा झाला. अडवलेल्या दुसऱ्या एका जहाजावरच्या मुलाचं नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जहाजावरून उतरवून कुठंतरी नेलं. खरं-खोटं मला माहीत नाही. पण काल त्याच्या आईला नेहमीचा फोन आला नाही."

"मी सांगून बघितलं. ऐकत न्हाईत."

"माझ्या दादाचं नाव घेतलंत का तिथं?"

"न्हाई."

"घेऊ नका," वेदश्री म्हणाली, आणि मग अगदी बारीक आवाजात, "मला माफ करा, मावशी."

चार वाजता श्रीहर्षचा माणूस कापड देऊन गेला. त्या देशाचे रंग, मापानं कापलेले. जोडून द्या, नेफा नको. तिनं ते तसंच परत पाठवलं. साडेचारला कळलं, की श्रीहर्षनं तो झेंडा फ्लेक्सवर छापून घेतला. तिच्या हाताशिवायही सगळं होत होतं. झेंडे, घोषणा, तिच्या मुलाचा चेहरा. तिच्याशिवाय होऊ शकत नव्हती अशी एकच गोष्ट उरली होती, आणि ती काय हे तिला चूल विझवताना सुचलं. तिनं तोंड धुतलं, धुतलेली साडी नेसली आणि सर्कलला गेली.

दोन-तीनशे माणसं असावीत. टेम्पोवर मंच केला होता. मागच्या फ्लेक्सवर सुरज, आता हाराशिवाय, दोन माणसांच्या उंचीचा. भीमराव पुढच्या खुर्चीत. जिकडं बघावं तिकडं वर धरलेले फोन. एवढे डोळे तिनं आयुष्यात एका जागी बघितले नव्हते, आणि त्यांतला प्रत्येक डोळा त्या जहाजावर उघडू शकत होता.

साकेतनं तिला हात देऊन वर घेतलं. "ही ती माता!" तो कानडीत म्हणाला. टाळ्या वाजल्या. जय झाला. त्यानं माईक तिच्या हातात दिला.

सकाळी एक शब्द घसरला होता. आता तिनं टाचण्या वेचाव्यात तसा एकेक कानडी शब्द वेचला, मराठीचा धागाही मध्ये येऊ नये म्हणून.

"नन्न मग हडगिन्याग इल्ल," ती म्हणाली. माझा मुलगा जहाजावर नाही. "हडगिनिंद इळिदु नाल्क तिंगळातु." उतरून चार महिने झाले.

टाळ्या अजून वाजत होत्या. मागच्यांना कळलं नव्हतं. मग त्या विरळ झाल्या.

"काम सुटलं त्याचं. आता बेंगळुरूला एका हॉटेलात भांडी घासतो. लाज वाटली म्हणून आम्ही कुणाला सांगितलं नाही. जहाज पकडलंय ते दुसरंच कुठलं तरी असेल. मला माहीत नाही. आमची चूक झाली."

कुणीतरी शिटी मारली. कुणीतरी हसलं. "भांडीवाला वीरपुत्र!" असा आवाज आला आणि हशा वाढत गेला. साकेतचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. त्यानं माईक काढून घेतला. "अक्का, मघाशी कट्ट्यावर तुम्ही काय म्हणालात? ते बघतात, बंदूक घेऊन उभे आहेत, हे कोण म्हणालं?"

"घाबरून काहीही बोललो."

साकेत भीमरावकडं वळला. "भीमराव काका, तुम्ही सांगा. फोटो तुम्ही दिलात. आज्ज्याचं तुम्ही सांगितलंत. सुरज जहाजावर आहे की नाही?"

सगळे फोन भीमरावकडं वळले. तानूबाई वरून बघत होती. तिला त्याच्याशी बोलता येत नव्हतं, खूणही करता येत नव्हती. शालीची टोकं धरलेले ते हात ती बघत राहिली. जन्मभर कुणी खुर्ची न दिलेला हा माणूस. आता नुसतं खरं बोलला, तर त्याची खुर्ची राहणार होती.

भीमराव उठला. फेटा काढून खुर्चीवर ठेवला. शालीची घडी घातली, नीट, चार पदरी, आणि ती फेट्यावर ठेवली.

"ती म्हणते ते खरं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. मला कुणी विचारत न्हाई म्हणून बोललो."

पुढं काय झालं ते पेठेत बरेच दिवस चवीनं सांगितलं जात होतं. कुणी भीमरावला ढकललं, तो पडला, कोपर फुटलं. देशाच्या नावावर शाल लाटली म्हणून दोघांना खूप बोलणी बसली. चॅनेलवाले काही न घेता निघून गेले. आणि विनवण्या करून जे झालं नव्हतं ते अर्ध्या तासात झालं. साकेतनं स्वतःच्या हातानं ग्रुपवरचा फोटो काढला, फ्लेक्स उतरवला, ज्यांनी ज्यांनी पुढं पाठवलं होतं त्यांना फोन करून पुसायला लावलं. त्याला स्वतःचं हसं होऊ द्यायचं नव्हतं. एखाद्या फोनात एखादा फोटो राहिलाच असेल. तो कुठल्या फोनात, ह्याचा विचार तानूबाई रोज करायची.

भीती कमी झाली नाही. त्या भीतीला आता राहायला वेगळी जागा मिळाली, एवढंच. पूर्वी भारतीच्या गळ्यात पडून निदान रडता येईल असं वाटायचं, आता तीही दार उघडंच ठेवून विचारायची, "काय म्हणतंय बेंगळुरूचं हॉटेल?" आणि उत्तराची वाट न बघता आत जायची. उद्या खरंच काही बरंवाईट झालं तर कुठल्या तोंडानं सांगायचं? ज्याचं जहाजच नाही, त्याच्यासाठी रडायचं कसं? श्रीहर्षनं कामावर ठेवलं, पण बोलणं कामापुरतं. वेदश्रीचे निरोप यायचे, एका ओळीचे. एकवीस. सगळे आहेत. मग चार दिवस तेही नाहीत.

मोर्चाला अकरा दिवस झाले त्या दुपारी फोन वाजला. नंबर लांबलचक, अनोळखी. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, साकेतच्या मंडळातली. श्रीहर्ष गल्ल्यावर, हाताच्या अंतरावर. बाहेर जायला उठली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं. तिनं बसल्या जागीच फोन कानाला लावला.

"आई, मी."

मशीनचं चाक तिनं तळव्यानं थांबवलं. दुकानातलं बोलणंही थांबलं होतं.

"बोल, बाळा," ती मोठ्यानं म्हणाली. "हॉटेलात गर्दी हाय काय?"

पलीकडं समुद्राची घरघर. "कुठलं हॉटेल, आई?"

"तुझंच की. बेंगळुरूचं. व्हय न्हवं?"

त्याच्या जवळ कुणीतरी परक्या भाषेत काहीतरी विचारलं, अगदी जवळ. सुरजनं श्वास घेतलेला तिला ऐकू आला.

"व्हय," तो म्हणाला. "गर्दी हाय."

"जेवलास?"

"जेवलो."

"मालक बरे हायेत?"

"गप्प हायेत." मग जरा थांबून, "आज तरी गप्प हायेत."

"सुट्टीचं काय म्हणतात?"

"काय सांगत न्हाईत. आई, अप्पा..."

फोन बंद झाला. श्रीहर्ष तिच्याकडं बघत होता. दोघं गिऱ्हाइकंही बघत होती. तानूबाईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"अप्पा बरे हायेत," ती म्हणाली. "कोपराला जरा लागलंय, बरं होईल. तू वेळेवर खात जा. आणि मालक काही बोलले तर उलट बोलू नको. बरं. बरं. ठेव मग."